तारामतीची मिशी आणि पावणेपाच लाख भोकं

सिनेमा बनवतानाच्या गोंधळावर विनोदी सिनेमा म्हटला की ठरलेली मंडळी आठवतात. रुसलेली नायिका, पैसे घेऊन पसार झालेला निर्माता, घसा बसलेला दिग्दर्शक, ऐन शॉटला बंद पडणारा कॅमेरा. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त यातलं जवळपास काहीच नाही. नायिकेनं रुसायचं तर आधी ती मिळायला हवी ना!

२००९ साली ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून गेलेला आणि २०१० च्या जानेवारीत थिएटरात लागलेला हा सिनेमा दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा भारतातला पहिला पूर्ण लांबीचा मूकपट कसा उभा केला त्याची गोष्ट सांगतो. फाळक्यांच्या भूमिकेत नंदू माधव, सरस्वतीबाईंच्या भूमिकेत विभावरी देशपांडे, संगीत आनंद मोडकांचं, कला दिग्दर्शन नितीन चंद्रकांत देसाईंचं. या प्रकरणात तपासायची गोष्ट एकच: गोंधळ नेमका कुठून आला आणि त्याचा विनोद कसा झाला. आमचं म्हणणं असं, की कॅमेऱ्याच्या मागची बाजू चोख होती आणि सगळा गोंधळ पुढच्या बाजूला होता. हे ध्यानात घेतलं की सिनेमातला विनोद कसा चालतो ते उलगडतं.

मागची बाजू

फाळके हौशी गडी नव्हते. जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, गोध्र्यात फोटोग्राफी, पुराणवस्तू खात्यात नोकरी, मग छपाईचा धंदा. शिवाय ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं जादूचे प्रयोग. नाव उलटं वाचा म्हणजे मालक सापडेल. ब्लॉक, लिथो, रसायनं, काच आणि अंधारी खोली यांच्याशी त्यांचा हात वीसेक वर्षं चालला होता. गिरगावात ख्रिस्ताच्या चरित्रावरचा मूकपट पाहून ते पेटले खरे, पण पेटलेल्या माणसाला डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, कसा कालवायचा हेही ठाऊक होतं. धडपड्या वेडा आणि धडपड्या कारागीर यांत हाच फरक.

१९१२ च्या फेब्रुवारीत विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना, कॅबर्न यांना, जाऊन भेटले. त्यांनी आधी परावृत्त केलं आणि मग वॉल्टनच्या स्टुडिओत सेसिल हेपवर्थकडे पाठवलं. तिथे काम पाहून झाल्यावर विल्यमसन कंपनीचा लाकडी कॅमेरा ५० पौंडांना, शिवाय छिद्रं पाडायचं यंत्र आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून १ एप्रिलला परत. दोन महिन्यांत काम फत्ते.

यातलं छिद्रांचं यंत्र बहुतेक लेखांत एका शब्दात उरकलं जातं. ते अन्याय्य आहे, म्हणून जरा थांबू.

तेव्हा कच्ची फिल्म कोऱ्या कडांची येई. कॅमेऱ्यातला दाता फिल्मला एकेक चौकट, म्हणजे एकेक चित्र, खाली ओढतो तो कडांच्या छिद्रांत अडकून. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात, प्रत्येक चौकटीला एका कडेला ४ छिद्रं, म्हणजे फुटाला ६४, दोन्ही कडा धरून १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. गुणाकार करा: ४,७३,६००. पावणेपाच लाख भोकं, आणि ही फक्त अंतिम लांबीची. निगेटिव्ह वेगळी, पडद्यावर जाणारी प्रत वेगळी. दुसरी प्रत काढायची तर पुन्हा पावणेपाच लाख. वाया गेलेले शॉट यात धरलेलेच नाहीत.

हे काम अंधारात करायचं, कारण फिल्म अजून वापरलेली नाही. फार तर लाल दिवा, तोही त्या काळची फिल्म लाल रंगाला आंधळी असे म्हणून. छिद्रांमधलं अंतर केसभर जरी चुकलं तरी कॅमेऱ्यात काही कळत नाही. कळतं ते पडद्यावर: चित्र वरखाली नाचतं. फार चुकलं तर दाता छिद्राची कड फाडतो आणि रीळ मध्येच तुटतं. हे यंत्र सरस्वतीबाई चालवायच्या. घरात मुलं, युनिटचा साठ-सत्तर पानांचा स्वयंपाक, आणि सगळं निजल्यावर रात्री अंधाऱ्या खोलीत हे. दिवसा उन्हाच्या कवडशासाठी पांढऱ्या चादरी धरून उभं राहायचं तेही त्यांनीच. भारतीय सिनेमाची पहिली तंत्रज्ञ कोण, या प्रश्नाला फार शोधाशोध लागू नये.

कॅमेरा हातानं फिरवायचा. हँडलचा एक फेरा म्हणजे ८ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चौकटी. हिशेब सोपा, सेकंदाला एक फूट फिल्म. हात थकून मंदावला की दोन गोष्टी एकदम बिघडतात. पडद्यावर माणसं धावू लागतात आणि प्रत्येक चौकटीला जास्त उजेड मिळाल्यानं चित्र पांढरं पडतं. म्हणून कॅमेरा फिरवणारा मनात ताल धरायचा. हे काम त्र्यंबक तेलंगांकडे होतं, फाळक्यांनी हाताखाली घेऊन शिकवलेले.

धुण्याचं काम याहून किचकट. त्या काळी लांब फिल्म लाकडी सांगाड्यावर गुंडाळून तो सांगाडा डेव्हलपरच्या हौदात बुडवायची रीत होती. द्रावण १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असावं लागतं. मुंबईत उन्हाळ्यात नळाचं पाणी तिशीला टेकतं, आणि गरम पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडून कडेला सुरकुततो, बोट लागलं तर सरकतो. उपाय एकच, बर्फ. तोही हौदात टाकायचा नाही, हौदाच्या भोवती. थेट टाकला तर द्रावण पातळ होतं आणि सगळ्या वेळा चुकतात. ही फिल्म नायट्रेटची, भडका उडणारी. घरातल्या खोलीत, कंदिलाच्या जमान्यात.

एवढं सगळं असताना मागच्या बाजूला मोठा घोटाळा झाल्याची नोंद नाही. सुरुवातीलाच फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावून तो महिनाभर चौकटी-चौकटीनं टिपला आणि मिनिटभराचा ‘अंकुराची वाढ’ केला. सावकाराला पटवायला हाच नमुना उपयोगी पडला. त्यातलं तारण बघा: महिनाभर रोज तीच जागा, तोच कोन, तोच उजेड. हे ज्याला जमलं त्याच्या शिस्तीवर कर्ज द्यायला हरकत नव्हती.

पुढची बाजू

आता माणसं.

फाळक्यांनी ‘इंदुप्रकाश’सारख्या वर्तमानपत्रांत नटांसाठी जाहिरात दिली. आली ती माणसं पाहून पुढच्या जाहिरातीत कुरूप चेहऱ्यांनी येऊ नये अशी पुस्ती जोडावी लागली. तरी रांग सुधारली नाही, तेव्हा जाहिराती बंद करून तोंडी निरोपांवर भिस्त ठेवली. हरिश्चंद्र मिळाला: दत्तात्रय दामोदर दाबके. रोहिदासही घरातच होता, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. अडलं ते तारामतीपाशी.

घरंदाज बाई येणं शक्यच नव्हतं. मग फाळके वेश्यावस्तीत गेले. तिथल्या बायकांचा सवाल पैशाचा नव्हता, अब्रूचा होता: सिनेमात तोंड दाखवलं तर उद्या आमच्याकडे कोण येईल? एक तयार झाली, चार दिवस तालीम केली, आणि तिचा यजमान येऊन तिला ओढून घेऊन गेला. विनोद लिहिणाऱ्यानं कल्पनेतून काही काढायची गरज उरत नाही ती इथे.

मग पुरुष. इथे आजच्या वाचकाची एक गल्लत होते. पुरुषानं बाई होणं १९१२ च्या मुंबईला नवं नव्हतं. किर्लोस्कर नाटक मंडळीत बालगंधर्व ऐन बहरात होते. मग अडचण काय? एक तर मुरलेला स्त्रीपार्टी नट चालती कंपनी सोडून या चालत्या चित्रांच्या नादाला कशाला लागेल! आणि दुसरी अडचण तंत्राची. रंगभूमीवर गळा पुष्कळ काही सांभाळून घेतो. पद सुरू झालं की प्रेक्षक मनगटाची जाडी विसरतो. मूकपटात गळाच नाही. उरतात चाल, हात आणि चेहरा, आणि उरते मिशी.

ग्रँट रोडच्या एका खानावळीत दहा रुपये पगारावर काम करणारा अण्णा साळुंके फाळक्यांना दिसला. नाजूक बांधा, लांबसडक बोटं. पंधरा रुपयांवर सौदा झाला. तारामती ठरली. तिच्या दासीही पुरुषच. आणि मग मिशा काढायची वेळ आली तेव्हा सगळे अडून बसले. बाप गेला की मिशी काढायची, अशी रीत. बाप धडधाकट असताना मिशी उतरवणं म्हणजे त्याच्या जिवावर उठणं.

हा पेच सोडवायला दुसरी वाट का नव्हती, हेही पाहायला हवं. पावडर थापून मिशी झाकता आली असती का? नाही. त्या फिल्मला निळा रंग उजळ दिसतो, तांबडा-पिवळा काळपट. सावळ्या कातडीवरची काळी मिशी, त्यावर पांढरा थर, वर डोक्यावरचं ऊन: पडद्यावर ओठावर राखाडी पट्टा उमटला असता. पदर ओठावर ओढून घ्यावा तर चेहरा गेला, आणि चेहऱ्यासाठीच तर पंधरा रुपये मोजले होते. म्हणून वाटाघाटी. एकेकाला समजावून, आणि बापांनाही समजावून. पावणेपाच लाख भोकं बिनबोभाट पडली आणि अख्खं चित्रीकरण वीतभर केसांपाशी अडून बसलं. सिनेमाचा सगळा विनोद या विसंगतीवर उभा आहे.

फॅक्टरी हे नावही अशाच अडचणीतून आलं. नाटकात काम करतो म्हणणाऱ्याला लोक वाईट म्हणत, सिनेमात करतो म्हटलं तर काय म्हणावं हेच कुणाला कळत नसे. फाळक्यांनी तोडगा काढला: घरी सांगा, हरिश्चंद्र नावाच्या गृहस्थाच्या कारखान्यात कामाला आहे. दादरच्या त्या घरात सकाळी वेळेवर येणारी, जेवणारी आणि संध्याकाळी जाणारी माणसं पाहिली तर खोटं असं त्यात फारसं नव्हतंच.

तलवारी आणि रिकामा कॅमेरा

बाहेरचं चित्रीकरण वांगणीला ठरलं. फाळक्यांनी युनिट पुढे धाडलं आणि स्वतः मागून निघाले. चूक झाली ती एवढीच. गावात तलवारी, ढाली, भाले घेतलेली माणसं उतरली; काही साड्यांतली, काही जटांतली. दरोडेखोर आले म्हणून गावात पळापळ. बातमी फौजदारापर्यंत गेली. युनिटनं समजावायचा प्रयत्न केला: आम्ही हरिश्चंद्राची गोष्ट करतोय. कुठे करताय? इथे. नाटक आहे का? नाही. मग? पुढच्या प्रश्नाला गावाच्या भाषेत उत्तरच नव्हतं. धरपकड झाली.

फाळके आले आणि त्यांनी बोलणं टाळून कॅमेरा उघडून दाखवला. मग नटांना उभं करून प्रसंग करून घेतला आणि हँडल फिरवलं, आत फिल्म न घालता. हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे. फुटाफुटाला पैसे आणि रात्रीची मेहनत लागलेली असताना फौजदाराच्या खात्रीसाठी खरी फिल्म जाळणं त्यांना परवडणारं नव्हतं. दाखवायची होती ती कृती, आणि कृतीला फिल्म लागत नाही. प्रोफेसर केळफाचा हात इथे दिसतो: रिकामी पेटी, भरलेला प्रयोग.

याच काळात खेळताना दगडावर आपटून भालचंद्राचं डोकं फुटलं. पुढचा प्रसंग रोहिदासाच्या मृत्यूचाच होता. फाळक्यांनी उपचार केले आणि बेशुद्ध मुलावरच शॉट घेतला. या घटनेत हसण्यासारखं काही नाही, आणि सरळ मनानं तिचं कौतुकही करता येत नाही. फाळक्यांवर विनोदी सिनेमा करणाऱ्याला पेलायचा सगळ्यात जड दगड हाच.

मोकाशींनी काय केलं

मोकाशी नाटकवाले. ‘मुक्काम पोस्ट बोंबीलवाडी’त त्यांनी १९४२ च्या गावातल्या नाटकाचा गोंधळ घातलेला होताच, त्यामुळे प्रयोग उभा राहताना काय काय कोसळतं हे त्यांना माहीत होतं. सिनेमा मात्र पहिलाच. निर्माता शोधण्यात वर्षं गेली आणि शेवटी घर गहाण पडलं. फाळक्यांच्या विम्याच्या पॉलिसींशी नातं सांगणारा हा भाग पटकथेत नाही, बरंच झालं.

साहित्य म्हणून हाताशी बापू वाटवेंनी लिहिलेलं फाळक्यांचं चरित्र होतं. त्यातल्या घटना क्रमानं मांडल्या तर होतो तो त्यागाचा सिनेमा: कर्ज, विकलेलं सामान, गेलेली दृष्टी, दागिने उतरवून देणारी बायको. सनईवर करुण सूर धरला की काम संपलं. मोकाशींनी तीच यादी ठेवली आणि चेहरा बदलला. नंदू माधवांचे फाळके संकटात खुलतात. सामान विकायचं तर त्याचीही गंमत. सरस्वतीबाई विरोध करत नाहीत, उलट प्रश्न विचारतात, आणि प्रश्न कामाचे असतात. चरित्रपटातल्या सोसणाऱ्या पत्नीऐवजी इथे कामात भिडू असलेली बाई येते आणि सिनेमाचा निम्मा रडका भाग आपोआप गळतो.

चित्रणाची रीतही याला साजेशी. बऱ्याच ठिकाणी कॅमेरा एका जागी उभा, माणसं पूर्ण दिसतात, हालचाल चौकटीच्या आत होते. जुन्या मूकपटांची ठेवण तशीच असे, पण इथे त्याचा दुसरा फायदा आहे. साडीतला पुरुष बसलेला आहे आणि शेजारचा त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता आपलं काम करतोय, ही गंमत दोघं एका चौकटीत असतील तरच लागते. तिथे जवळचा शॉट कापून साडीतल्याचा चेहरा दाखवला, मग पाहणाऱ्याचा चेहरा, मग परत याचा, की विनोद संपून टिंगल सुरू होते. अशा सिनेमाच्या संकलनात पहिली चूक हीच होते: हसू येत नाही असं वाटलं की प्रतिक्रियांचे तुकडे घुसवायचे. लांब शॉट धरून ठेवायला धीर लागतो, आणि कोपऱ्यातल्या नटालाही काम द्यावं लागतं. कोपरा रिकामा राहिला तर लांब शॉट नुसता लांबच वाटतो.

दुसरी रीत प्रसंगांच्या मापाची. अडचण मांडली, तोडगा निघाला, प्रसंग तोडला. तोडग्यानंतरचं समाधान दाखवत बसायचं नाही. त्यामुळे सिनेमा साधारण दीड तासात आटोपतो.

याची किंमतही आहे, ती लपवू नये. हाच सूर सतत धरल्यानं कर्जाची धार बोथट होते. फाळके पडतील अशी भीती एकदाही वाटत नाही, कारण ते स्वतः भीत नाहीत. आणि अंधाऱ्या खोलीला सिनेमानं द्यायला हवी होती तेवढी जागा दिलेली नाही. मिशीचा विनोद दुप्पट उंचीवर गेला असता, जर त्याआधी आपण रात्रभर फूट-फूट फिल्म यंत्राखालून सरकताना पाहिली असती.

सुरतचा हिशेब

चित्रीकरणाला ६ महिने २७ दिवस लागले. २१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिंपियात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला. एकटा नाही, आधी मिस आयरीन डेल मार यांचा नाच, मग एक विनोदी नकलांचा कार्यक्रम, मग पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर, आणि मग हरिश्चंद्र. मुंबईत चांगला चालला. सुरतेत पहिल्या दिवशी गल्ला ३ रुपये.

फाळक्यांनी जाहिरात काढली: ५७,००० छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं अवघ्या तीन आण्यांत. आता हा हिशेब तपासूनच घेऊ. ३,७०० फुटांत फुटाला १६ प्रमाणे ५९,२०० चौकटी होतात. जोडकाम आणि कोऱ्या टोकांचे तुकडे वजा केले तर ५७,००० हा आकडा अगदी प्रामाणिक. दोन मैल मात्र १०,५६० फूट होतात, म्हणजे फिल्मच्या जवळपास तिप्पट. ५७,००० छायाचित्रं खरी मानली तर दोन मैल खोटे, दोन मैल खरे मानले तर छायाचित्रं पावणेदोन लाखांच्या घरात हवीत. कारागीर आणि जादूगार एकाच जाहिरातीत शेजारी-शेजारी बसले होते.

३ रुपये म्हणजे ४८ आणे. तीन आण्यांच्या दरानं पहिल्या दिवसाचे प्रेक्षक सोळा होतात. जाहिरातीनंतर दिवसाचा गल्ला ३०० रुपयांवर गेला. त्याच दरानं सोळाशे.